न दिसलेला तडा

यज्ञेश्वर गुप्ते अडतीस वर्षं भूकरमापक होते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत त्यांनी मोजला नाही असा डोंगरउतार थोडाच उरला असेल. लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. त्यांनी मारलेली रेघ कुणाच्या चहाने किंवा कुणाच्या शिव्यांनी हललेली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना निवृत्तीनंतरही उघड अभिमान होता.

नोकरीची शेवटची तीन वर्षं राहिली असताना त्यांनी गाडी घेतली. राखी रंगाची, लहानशी, चार दारांची. तिला आता सतरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर त्यांनी स्वतः खेटे घालून तिची पुन्हा नोंदणी करून आणली होती. एकवीस सालच्या पुरात महाडच्या गल्ल्यागल्ल्यांत गाड्या चिखलाने भरून उलट्यापालट्या पडल्या, तेव्हा गुप्त्यांची गाडी कोरडी होती. पाणी चढायच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती पोलादपूरच्या अलीकडे, हायवेच्या उंच बाजूला, धोंडूच्या गॅरेजात नेऊन लावली होती. शेजारचे तेव्हा हसले होते.

धोंडू गेली वीस वर्षं त्यांच्या ओळखीचा. गॅरेजच्या जागेवरून त्याचा चुलतभावाशी वाद होता. चुलतभाऊ पैसेवाला होता, वरून फोनही आले होते. गुप्त्यांनी साखळी टाकली आणि जिथे हद्द निघाली तिथे दगड रोवला. जागा धोंडूची निघाली. "साहेब, तुम्ही नसतात तर मी आज मुंबईत कुनाच्या तरी पान्याखाली असतो," असं तो दर सर्व्हिसिंगला म्हणायचा.

जानेवारीच्या शेवटी गुप्ते पोलादपूरहून एकटेच परत येत होते. तापमानाचा काटा वर सरकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. त्यांनी गाडी कडेला घेतली. धोंडूला फोन केला. तो दोरी घेऊन आला आणि गाडी ओढत गॅरेजात घेऊन गेला.

"हेड गॅस्केट गेलंय, साहेब," बॉनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला. "आठ दिवस द्या. रेडिएटर पन साफ करतो. अजून पाच वर्षं कुठं जात नाय."

"बघ, नीट बघून सांग. करण्यासारखी असेल तर करू. नसेल तर तसं सांग."

"तुमाला खोटं सांगंन काय मी?"

गुप्ते एसटीने घरी आले.

त्या रविवारी पुण्याहून त्यांचा मुलगा ओजस आला. एरवी तो सणाला यायचा, तोही बायकोला, श्रियाला घेऊन. आता एकटाच आला आणि जेवण झाल्याझाल्या त्याने गाडीचा विषय काढला.

"बाबा, किती दिवस त्याच गाडीवर खर्च करणार? त्यात एअरबॅगसुद्धा नाही. आईला घेऊन तुम्ही त्या हायवेवर जाता. रस्ता कसा आहे बघताय ना? काम चालू आहे, आज इकडून वळवतात, उद्या तिकडून."

"रस्ता वाईट आहे त्यात गाडीचा काय दोष? दासगावला त्या दिवशी फलकच नव्हता. वळण कुठे दिलंय ते कळायला नको?"

डिसेंबरात माणगावहून एक लग्न उरकून येताना दासगावजवळ त्यांची गाडी दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला शिरली होती. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने दिवे मारून मारून गाडी कशीबशी थांबवली. फलक नव्हता, हे गुप्त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हापासून तेच सांगत होते. गुप्त्यांच्या पत्नी विनीताबाई त्या वेळी शेजारी बसल्या होत्या. आता त्या ताटं उचलत होत्या.

"नवीनच घेऊ या," ओजस म्हणाला. "दुरुस्तीत जाणारे पैसे तिकडे घालू. लहानच घेऊ, पण नवीन."

गुप्त्यांना हे सरळ मान्य होण्यासारखं नव्हतं. त्यांनी बोटांवर मोजत दोन्ही बाजू मांडल्या. गाडीचा पत्रा शाबूत आहे, कुठे गंज नाही. टायर दोन वर्षांपूर्वीचे. सुटे भाग अजून मिळतात. इंजिनाने कधी दगा दिला नाही, हा पहिलाच. माणूस एकदा तापाने आजारी पडला म्हणून त्याला कुणी बदलत नाही. दुसऱ्या बाजूला, सतरा वर्षं म्हणजे सतरा वर्षं. आज गॅस्केट, उद्या क्लच, परवा आणखी काही. त्यांना दोन्ही पटत होतं, म्हणून ते शेवटी म्हणाले, "धोंडू म्हणेल तसं. त्याने उघडून बघितलंय. तो करू म्हणाला तर करायची, नको म्हणाला तर नवीन."

"ठीक आहे," ओजस लगेच म्हणाला. "धोंडू म्हणेल तसं."

इतक्या लवकर तो ऐकेल असं गुप्त्यांना वाटलं नव्हतं. मुलगा समजूतदार झाला, असं त्यांना वाटलं आणि बरं वाटलं.

बुधवारी धोंडूचा फोन आला. आवाज बसल्यासारखा होता. "साहेब, येऊन जावा एकदा. गोष्ट जरा वाईट हाय."

गुप्ते गेले. इंजिनाचं वरचं झाकण काढून बाकड्यावर ठेवलं होतं. धोंडूने त्यांना गाडीपाशी नेलं आणि हातातला टॉर्च आत धरला.

"इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलाय. हा बघा. इथून सुरू झालाय, तो पार इथपर्यंत."

त्याचं काळं बोट एका कडेवरून फिरत गेलं. गुप्ते वाकले. टॉर्चच्या उजेडात तेलाने काळपट झालेलं लोखंड होतं आणि त्यावर धोंडूचं बोट होतं. आणखी काही दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मान उजवीकडे वळवली.

एक गोष्ट त्यांनी घरी कुणाला सांगितली नव्हती. मे महिन्यात ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले होते. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे, उजव्याचीही थोडी. समोरचं दिसतं म्हणून तुम्हाला कळत नाही. औषध चालू ठेवा, आहे ते राहील. गाडी चालवणं मात्र बंद करा. त्यांनी तपासणीचा एक कागद दिला होता. त्यावर दोन वर्तुळं आणि वर्तुळांत काळे डाग. नकाशा वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो कागद समजायला वेळ लागला नव्हता. त्यांनी तो घरी आणून जुन्या नकाशांच्या पत्र्याच्या नळीत घातला आणि डोळ्यात थेंब घालायला लागले. विनीताबाईंना सांगितलं, डोळे कोरडे पडतात.

"दिसला का, साहेब?" धोंडूने विचारलं.

"हो," गुप्ते म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

धोंडूने टॉर्च बंद केला. त्याने एकदा साहेबांच्या चष्म्याकडे बघितलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "ब्लॉक बदलायचा म्हनजे इंजिनच बदलल्यासारखं. मी तुमाला करा सांगनार नाय. भंगारवाला हाय एक माझ्या ओळखीचा. कागदपत्रं मी बघतो, तुमाला धावपळ नको."

पुढच्या आठवड्यात तो फॉर्म घेऊन घरी आला. बारीक छपाईची तीन-चार पानं होती. गुप्त्यांनी आयुष्यात न वाचता सही केली नव्हती. त्यांनी कागद खिडकीजवळ धरले, थोडा वेळ ओळींवरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि धोंडूने बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्या. विनीताबाई चहा घेऊन आल्या. धोंडूने तो उभ्याउभ्या प्यायला. एरवी तो ऐसपैस बसून दुसरा कप मागायचा.

त्यानंतर नव्या गाडीची वाट बघणं सुरू झालं.

गुप्त्यांनी शोरूममधून पत्रकं आणली. भिंग घेऊन ती वाचली. कोणती गाडी पोलादपूरच्या वरच्या चढाला दमणार नाही, कोणत्या गाडीची उंची आपल्या रस्त्यांना पुरेल, याचा त्यांनी विचार केला. दर रविवारी फोनवर ते ओजसला सांगत आणि ओजस ऐकून घेई. एप्रिलमध्ये तो म्हणाला, नवीन मॉडेल येतंय, थांबू या. जूनमध्ये म्हणाला, पावसाळ्यात कशाला नवी गाडी चिखलात घालता. मग श्रावण, गणपती, पितृपक्ष. दसऱ्याला वेटिंग होतं. एकदा श्रियाने फोन घेऊन विचारलं, "बाबा, रंग कोणता घ्यायचा हो? मला लाल आवडतो, पण तुम्ही सांगाल तो." गुप्त्यांनी दोन दिवस विचार करून पांढरा सांगितला. लांबून दिसतो म्हणून. विनीताबाईही कधी जेवताना म्हणायच्या, "गाडी आली की आपण वर डोंगरात कुडपणला एकदा जाऊन येऊ. किती वर्षं झाली तिकडं जाऊन."

दहा महिने ते एसटीने आणि सहा आसनी रिक्षाने फिरत होते. बाजारात कुणी विचारलं तर सांगत, "जुनीचा ब्लॉक गेला. नवीन बुक करतोय."

नोव्हेंबरात बिरवाडीच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना बोलावलं. त्याला घराच्या हद्दीचा जुना नकाशा वाचून हवा होता. ते काम संपवून गुप्ते रिक्षा पकडायला रस्त्याकडे निघाले. वाटेत भाड्याच्या खोल्यांची एक चाळ होती. कारखान्यांत कामाला जाणारी पोरं आणि नवी जोडपी तिथे राहत. चाळीसमोर एक तरुण बादली घेऊन गाडी धूत होता.

गाडी राखी रंगाची होती. गुप्ते पुढे गेले आणि थांबले. मग मागे आले. मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात एक दबलेली जागा होती. कुडपणच्या वाटेवर दगडाला घासून ती झाली होती आणि त्यांनी घरी लाकडी हातोडीने ती अर्धीमुर्धी सरळ केली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. मग खाली वाकून, हातभर अंतरावरून, नंबर वाचला.

"काय काका, कोन पायजे?" तरुणाने विचारलं.

"गाडी तुझी का रे?"

"आपलीच. फेब्रुवारीत घेतली. सेकंडहँड हाय, पन एकदम मक्खन."

"नाव काय तुझं?"

"अक्षय. हिथंच कंपनीत हाय. गाव कुडपनच्या खालची वाडी."

"इंजिन बदललं असशील."

"नाय ओ. ओरिजिनल इंजिन हाय. धोंडूभाऊंनी गॅस्केट टाकून दिलं तेवढंच. आता म्हैन्यातनं दोनदा गावी नेतो, पूर्ण चढ चढते, एकदा पन गरम झाली नाय."

"ब्लॉकला काही?"

"ब्लॉकला काय झालंय?" अक्षय हसला. "काका, तुमी मेकॅनिक हाय काय? जुनी गाडी बगताय काय घ्यायला?"

"बघतोय. कुणाची होती ही?"

"म्हाडातल्या कुना म्हाताऱ्याची. त्याला दिसत नाय म्हनं, तरी चालवायचा. कुनाचं ऐकायचा नाय. उलट्या साइडनं घातलीन एकदा, बायको मरता मरता वाचली. मग घरच्यांनीच काय तरी टोपी घालून काढून घेतली." त्याने बादलीतलं पाणी टपावर ओतलं. "आपला फायदा झाला. धोंडूभाऊ बोलले फक्त, म्हाडच्या बाजारात जास्त फिरवू नको."

दारातून त्याच्या बायकोने हाक मारली. ती सात-आठ महिन्यांची गरोदर होती. अक्षय बादली ठेवून आत गेला. तो बाहेर आला तेव्हा गुप्ते निघून गेले होते.

घरी विनीताबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गुप्त्यांनी चप्पल काढली. आत गेले नाहीत.

"गाडी बिरवाडीत आहे," ते म्हणाले.

विनीताबाईंनी कोणती गाडी, असं विचारलं नाही. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कुणी ठरवलं हे?"

"मी."

"ओजसने?"

"मी ओजसला सांगितलं. धोंडूकडे तो गेला. धोंडू तयार नव्हता. मग मी फोन केला त्याला."

"आणि तो तयार झाला. माझ्यासमोर टॉर्च धरून बोट फिरवलंन त्याने."

"मी त्याच्याजवळ रडले. म्हणून झाला."

"मला विचारता आलं असतं. सरळ सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? दासगावला ट्रकवाला खाली उतरून तुम्हाला हात जोडत होता. तुम्ही त्याला फलक कुठे आहे ते दाखव म्हणालात."

"फलक नव्हताच."

विनीताबाई उठल्या. आतून त्या एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्यांच्यासमोर, शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. गुप्त्यांना तो उघडून बघायची गरज नव्हती.

"तुमच्या नकाशांच्या नळीत होता," त्या म्हणाल्या. "वाळवी लागली का बघायला मी काढले नकाशे. यावर मेची तारीख आहे. दासगावचं झालं ते डिसेंबरात. सात महिने तुम्ही मला शेजारी बसवून चालवत होतात."

विनीताबाईंनी कागदाची घडी उलगडली.

"डावीकडचं दिसत नाही, असं आहे ना यात? ओजसने एका डॉक्टर मित्राला दाखवलं. मी डावीकडेच बसते हो. सतरा वर्षं मी तुमच्या डावीकडे बसतेय. एकदाही तुम्हाला वाटलं नाही की हिला सांगावं?"

"दहा महिने तू मला कुडपणला जाऊ म्हणत होतीस."

"हो."

"श्रिया रंग विचारत होती."

"हो. तिलाही माहीत होतं." त्या परत खाली बसल्या. "तुम्ही खोटं बोललात, म्हणून मीही बोलले. मला त्यात काही बरं वाटलं नाही. पण तुम्ही जिवंत राहिलात, मीही राहिले. एवढं मला पुरलं."

त्या आठवड्यात दोघांनी एकमेकांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ओजसचे फोन येत होते, गुप्ते घेत नव्हते. धोंडूचाही फोन आला, तो त्यांनी कापला. बाजारात जायचं त्यांनी बंद केलं. किती जणांना माहीत असेल, हा विचार त्यांना सोडत नव्हता. पुराच्या वेळी हसणारे शेजारी, वाण्याच्या दुकानात 'काय साहेब, नवीन गाडी कधी?' म्हणून विचारणारे, सगळ्यांना माहीत असणार. अख्खं गाव आपल्याला बोट धरून चालवत होतं आणि आपण पत्रकं वाचत होतो, असं त्यांना वाटत होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट पक्की बसली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, वर्तुळातले डाग काहीही दाखवोत, सतरा वर्षांत आपण एका माणसाला धक्का लावलेला नाही.

रविवारी सकाळी ते पुन्हा बिरवाडीला गेले. अक्षय दारातच होता. गुप्त्यांनी या खेपेला नाव सांगितलं. अक्षयचा चेहरा उतरला.

"साहेब, मला म्हायती नव्हतं. मी त्या दिवशी काय पन बोललो."

"तुझी काही चूक नाही. गाडी तू पैसे देऊन घेतलीस, ती तुझी आहे. एक मागतो. एकदा चालवू दे."

अक्षयने मागे वळून बघितलं. त्याची बायको सेजल दारात येऊन उभी होती. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. गुप्त्यांना ते दिसलं. अक्षयने खिशातली किल्ली हातात घेतली, पुन्हा खिशात घातली.

"काका, लायसन..."

"आहे. मुदत आहे अजून."

त्याला नाही म्हणता येईना. "कंपन्यांच्या मधल्या रोडनं जाऊ," तो शेवटी म्हणाला. "आज सुट्टी हाय, ट्रक नसतात. मी शेजारी बसतो."

गुप्त्यांनी सीट मागे सरकवली. आरसा लावला. क्लचवर पाय ठेवला आणि त्यांना दहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. इंजिनाचा आवाज पहिल्यासारखाच होता, उलट थोडा साफ. दुसरा, तिसरा गिअर जसा पडायला हवा तसा पडला. कारखान्यांच्या भिंतींमधला रस्ता सरळ आणि रिकामा होता. समोरचं सगळं त्यांना लख्ख दिसत होतं, पार शेवटच्या वळणावरचा विजेचा खांबसुद्धा. एका गतिरोधकावर त्यांनी गाडी इतकी हलकी नेली की अक्षय म्हणाला, "हात मस्त हाय तुमचा, साहेब."

"तुला काय सांगितलं होतं त्यांनी?" गुप्ते म्हणाले. "आंधळा म्हातारा?"

"जाऊ द्या ना, काका."

"सांगणारे काय, काहीही सांगतात."

परतीच्या वळणावर त्यांनी डावीकडे गाडी घेतली. दिवा लावला, वेग कमी केला, सगळं रीतीप्रमाणे केलं. रस्ता मोकळा होता. तेवढ्यात अक्षय ओरडला आणि त्याने हँडब्रेक खेचला. गाडी गचका देऊन थांबली.

डाव्या बाजूला, बॉनेटला टेकून, एक म्हातारी उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. तिने तोल सावरायला एक हात बॉनेटवर ठेवला होता. ती कुठून आली ते गुप्त्यांना कळलं नाही. खरं म्हणजे ती कुठून आली नव्हती. ती कडेने चालत होती आणि बराच वेळ चालत असणार, कारण त्या बाजूला नुसती लांबलचक भिंत होती, कुठे दार नाही की गल्ली नाही.

"दिसत नाय काय रे?" म्हातारी म्हणाली. "भारा एवढा डोक्यावं, तो पन दिसत नाय?"

अक्षय खाली उतरला. "लागलं का गो, आजी?"

"लागलं नाय. पन लागलं असतं."

"माझी चूक हाय. मीच त्यांच्याशी बोलत होतो, त्यांचं ध्यान माझ्याकडं गेलं. माफ कर."

म्हातारीने गुप्त्यांकडे बघितलं. भारा सारखा केला आणि भिंतीच्या कडेने पुढे गेली. गुप्त्यांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघितलं. मान सरळ केली तेव्हा ती नाहीशी झाली. पुन्हा वळवली, तेव्हा होती.

ते उतरले आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. अक्षयने गाडी चाळीपर्यंत आणली. सेजल अजून दारातच उभी होती.

"हे धोंडूला सांगू नकोस," गुप्ते म्हणाले.

"नाय सांगत, काका. कुनालाच नाय सांगत."

घरी आल्यावर विनीताबाईंनी विचारलं, "कुठे गेला होतात?"

"बिरवाडीला. गाडी चालवून आलो."

"आणि?"

"आणि काय? दोन मैल चालवली. तो पोरगा शेजारी होता, त्याला विचार हवं तर. म्हणाला, हात मस्त आहे तुमचा."

विनीताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ठामपण हळूहळू उतरलं आणि तिथे आपलंच चुकलं की काय, असं काहीतरी आलं. गुप्त्यांनी ते बघितलं. समोर होतं, म्हणून दिसलं. तेवढ्यात ते बोलू शकले असते. ते कपडे बदलायला आत गेले.

पुढच्या शनिवारी ओजस आणि श्रिया आले. ओजसने बसल्या जागी माफी मागितली. "आम्ही घाई केली, बाबा," तो म्हणाला. "आईने सांगितलं मला, तुम्ही चालवून आलात ते. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासून घ्यायला हवं होतं." श्रियाच्या डोळ्यांत पाणी होतं. रंगाचं विचारलं त्याची तिला लाज वाटत होती, हे तिने दोनदा सांगितलं.

"आपण आता खरंच गाडी घेऊ," ओजस म्हणाला. "उद्याच बुक करू. पांढरी."

"नको," गुप्ते म्हणाले.

"असं नका करू, बाबा."

"नको म्हटलं ना. माझी हौस गेली."

ओजस आणि श्रियाने तो राग आहे असं मानून घेतलं. गुप्त्यांनी त्यांना तसं मानू दिलं. दुपारी धोंडू आला. बहुधा ओजसनेच बोलावला असेल. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "साहेब, मला शिक्षा करा. पन बोलनं टाकू नका. त्या दिवशी तुमी तडा दिसला म्हनालात ना, तवाच मला सगळं कळलं होतं. तरी मला वाटत होतं, तुमी माझ्या थोबाडीत मारावी आन् म्हनावं, धोंड्या, कुठं हाय तडा." तो वाकून पाया पडला. गुप्त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि त्याला ऊठही म्हणाले नाहीत. विनीताबाईंनीच त्याला उठवलं आणि चहा दिला.

त्या हिवाळ्यात विनीताबाई त्यांना जपून वागवायला लागल्या. त्यांना न विचारता भाजीसुद्धा आणत नसत. रात्री कधी जेवताना मध्येच थांबून म्हणत, "माझं चुकलंच हो. मी घाबरले होते." गुप्ते म्हणत, "जेव आता." कधी त्यांच्या ओठावर यायचं. बिरवाडीची ती भिंत, बॉनेटवर टेकलेला हात. चार वाक्यांचं काम होतं. पण त्या चार वाक्यांनंतर धोंडूला उठवावं लागलं असतं, ओजसचा फोन घ्यावा लागला असता आणि विनीताबाईंना म्हणावं लागलं असतं की तू मला वाचवलंस. ते त्यांच्याने झालं नाही.

जानेवारीत ते डोळे तपासायला पुन्हा गेले. विनीताबाई साडी बदलून, पिशवी घेऊन दारात तयार उभ्या होत्या.

"तू कशाला? एसटीने तर जायचंय," ते म्हणाले आणि एकटेच स्टँडकडे चालत गेले.